वाऱ्याच्या नावावर

बदलापुरात जयदेव म्हणून हाक मारली तर चारजण वळून बघतील. पण पत्र्याचा जयदेव म्हटलं की एकच. पश्चिमेला स्टेशनबाहेर कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, तो घरापर्यंत सोडेल आणि वर सांगेल की आमच्या बिल्डिंगची शेडसुद्धा त्यानंच मारली. चार-चार मजल्यांच्या इमारतींवर ते निळे पत्रे दिसतात ना, त्यातले निम्मे तरी जयदेवच्या हातचे. तो स्वतः सांगायचा, सगळेच माझे. आता बढाई मारायला काही मटेरियल लागत नाही, मारू द्या.

पण माणसाची गावाला गरज होती, हे खरं. आपल्याकडं बिल्डर इमारत बांधतो, चाव्या देतो, पेढे देतो, आणि गच्ची गळायला लागली की फोन उचलायचा बंद होतो. मग सोसायटीची मीटिंग. वरच्या मजल्यावरचे म्हणतात सगळ्यांनी खर्च करा, खालचे म्हणतात आमच्या घरात कुठं गळतंय. भांडून भांडून घसा बसला की वॉटरप्रूफिंगवाला येतो, काहीतरी काळं फासून जातो, आणि पुढच्या आषाढात बेडरूमच्या कोपऱ्यात पुन्हा बादली. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणतं, शेड मारून टाका रे एकदाची. परवानगी-बिरवानगी कोण विचारतो? बाजूच्यांनी विचारली होती का? नाही ना! मग बोलवा जयदेवला.

जयदेव यायचा, गच्चीवर एक चक्कर मारायचा, चहा प्यायचा आणि आठवड्यात गच्चीवर छप्पर उभं. लोखंडी अँगल, त्यावर पत्रे, पत्रे आवळायला हूक. संपलं काम. बायका खूश, कारण पापड वाळवायला सावली झाली. पोरं खूश, कारण पावसात क्रिकेट. म्हातारे खूश, कारण वाढदिवसाला हॉल नको. एका सोसायटीनं तर शेडखाली कोजागिरी केली. चंद्र कुणाला दिसला नाही, पण दूध आटवलं आणि जयदेवला पहिला पेला दिला. असा मान दुसऱ्या कुठल्या फॅब्रिकेशनवाल्याला मिळाला असेल तर सांगा.

हे काम तो शिकला उल्हासनगरात, कॅम्प चारला. बाप पारनेरकडून अंबरनाथच्या कारखान्यात आला होता. कारखाना बंद पडला, बाप खाटेला खिळला, आणि जयदेव शाळा सोडून हासानंद शेठच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कापायला लागला. शेठ सिंधी माणूस, तोंडाचा कडू, हिशोबाला चोख. शिव्या देऊन देऊन त्यानं पोराला वेल्डिंग शिकवलं, आणि हात बसल्यावर स्वतःच म्हणाला की आता माझ्याकडं राहिलास तर मूर्ख आहेस. तेव्हापासून जयदेव स्वतंत्र झाला, पण माल मात्र शेठकडूनच घ्यायचा आणि घ्यायला गेला की शेठच्या शिव्या ऐकल्याशिवाय परतायचा नाही. त्या शिव्या म्हणजे त्याला बापाच्या हातची चापट वाटायची.

लग्न झालं, कीर्ती आली, तेजस्वी झाली. नदीकडच्या बाजूला तळमजल्यावर वन-रूम-किचन घेतलं. आणि मग एका वर्षी उल्हास नदी घरात आली. फ्रीज तरंगत होता. कीर्ती चार वर्षांच्या तेजस्वीला डोक्यावर घेऊन ओट्यावर उभी होती, छातीपर्यंत पाणी, आणि जयदेव तिकडं कल्याणला अडकलेला. होडीतून त्या दोघींना काढलं. त्या दिवशी कीर्तीनं सांगून टाकलं की आता राहीन तर वर राहीन, इतकं वर की नदीनं मान वाकडी करून बघितलं तरी मी दिसायला नको. बाई सहसा बोलत नाही. पण एकदा बोलली की ब्रह्मदेवानं बदललं तर बदललं.

तेवढ्यात टॉवर यायला लागले. आधी एक, मग दोन, मग बघता बघता नदीच्या कडेनं रांगच. जिथं भाताची खाचरं होती तिथं बावीस मजले. आणि नावं तरी काय! नदीकाठच्या एकाचं नाव ठेवलं 'सागरमणी हाइट्स'. आता बदलापुरात सागर कुठून आणला, बिल्डरलाच ठाऊक. जाहिरातीत लाटा होत्या, शिडाची होडी होती, गोरी बाई टोपी घालून बसली होती. कीर्तीनं तो कागद बघितला आणि फक्त मजले विचारले. जयदेवनं होतं नव्हतं ते विकलं, उरलेलं बँकेकडून उचललं, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर घर घेतलं. घर बघायला आलेले पाहुणे गॅलरीत जाऊन खाली बघायचे आणि भिंत धरून परत यायचे. कीर्ती मात्र सुखानं झोपायला लागली.

हे सुख एक पावसाळा टिकलं. दुसऱ्या पावसाळ्यात गच्ची गळायला लागली. खाली पाण्यापासून पळालो, तर पाणी वरून आलं! तेजस्वीच्या खोलीच्या भिंतीला बुरशी धरली, कीर्तीला खोकला लागला तो जाईना. बिल्डरच्या ऑफिसात फोन केला की एक मुलगी गोड आवाजात सांगायची, सर साइटवर आहेत. आणि तिसऱ्यांदा मीटिंग बसली तेव्हा सोसायटीचा चेअरमन राजूदादा हसत हसत म्हणाला, की आपल्या घरात वैद्य असताना आपण दवाखाने कशाला शोधतोय? सगळे जयदेवकडं बघायला लागले.

राजूदादा मूळचा कुळगावचा, टॉवरची अर्धी जमीन त्यांच्याच घराण्याची होती. माणूस वाईट नाही. सगळ्यांचं भलं व्हावं असं वाटणारा, फक्त ते भलं लवकर आणि कागद न करता व्हावं असं वाटणारा. त्यानं विषय काढला आणि जयदेवची छाती फुगली. आजवर चार मजल्यांवर काम केलं होतं. आता बावीस! अख्ख्या बदलापुरातून दिसेल अशी शेड. आणि स्वतःचं घर, कीर्तीचा खोकला. नाही म्हणण्यासारखं त्यात काय होतं?

माल आणायला तो कॅम्प चारला गेला तेव्हा हासानंद शेठनं विचारलं, कितव्या मजल्यावर. जयदेवनं ऐटीत सांगितलं. शेठनं चष्मा काढला, आणि पहिल्यांदा शिवी न देता बोलला.

"साईं, नीचे का काम ऊपर मत ले जा. वहाँ हवा का भाव अलग है."

जयदेव हसला. त्याला वाटलं म्हातारा झाला, घाबरायला लागला. आणि शेठला तरी काय ठाऊक होतं? तो काही इंजिनियर नव्हता. आयुष्यभर गल्ल्यावर बसलेला माणूस, कधी पोटमाळ्यावर चढला नसेल. त्याला फक्त भीती वाटली, एवढंच. जयदेवला तीही वाटली नाही. त्यानं चार मजल्यांवर जसे अँगल उभे केले तसेच इथं केले. जेवढ्या अंतरावर हूक मारायचा तेवढ्याच अंतरावर मारले. आणि पावसाची झड भिंतीवर येऊ नये म्हणून पत्रे कठड्याच्या बाहेर दोन हात काढले, ही तर त्याची खासियत होती. बायकांनी सांगितलं बाजू मोकळ्या ठेवा, वाळवण लवकर होतं; त्यानं मोकळ्या ठेवल्या. खाली चार मजल्यांच्या इमारती एकमेकींच्या आडोशाला उभ्या असतात. वर कुणाचा आडोसा? हा विचार त्याच्या मनाला शिवलाच नाही. वीस वर्षं हात ज्या सवयीनं चालले, त्या सवयीनं चालले.

त्या पावसाळ्यात घर कोरडं राहिलं. कीर्तीचा खोकला गेला. टॉवरमधली माणसं लिफ्टमध्ये त्याला नमस्कार करायला लागली.

टॉवरच्या भिंतीपलीकडं, नदीच्या बाजूला, पत्र्याच्या दहा-बारा खोल्यांची एक रांग होती. टॉवर व्हायच्या आधीपासूनची. त्यातल्या एका खोलीत सोमा आणि गोदू राहायचे. सोमा विटा-रेती चढवायचं काम करायचा. गोदू टॉवरचे जिने झाडायची, वरपासून खालपर्यंत. वरून सुरुवात करायची म्हणून सकाळी पहिली जयदेवच्या दारात यायची, आणि कीर्ती तिला चहा द्यायची. दोघी जिन्यातच बसून बोलायच्या. गोदूची मुलगी जिज्ञासा अंबरनाथला नर्सिंगला जात होती, त्याचं गोदूला इतकं कौतुक की ती नर्सिंगमधले शब्द कीर्तीला शिकवायची. जयदेवला ती पत्रेवाले भाऊ म्हणायची. तो तिला गोदूताई.

पुढच्या मे महिन्यात अरबी समुद्रात वादळ उठलं. टीव्हीवर ते पांढरं चक्र गोल गोल फिरताना दाखवत होते. बदलापूरकरांना त्याचं काही वाटलं नाही. वादळ म्हणजे अलिबाग-श्रीवर्धनवाल्यांची डोकेदुखी. आपल्याला पूर ठाऊक. समुद्र तिकडं लांब, मधे अख्खी मुंबई आडवी पडलीय, ती काय नुसती बघत बसणार? रिक्षास्टँडवर असं बोलणं चाललं होतं. मग वादळ गुजरातकडं वळल्याची बातमी आली आणि लोकांनी विषयच सोडला. पण जाता जाता त्याचं शेपूट इकडं आपटलं.

रविवार होता, दुपारची जेवणं आटोपली होती. आकाश पिवळं झालं, आणि वारा सुटला. सुटला म्हणजे काय, टॉवरच्या खिडक्या आतल्या आत कुरकुरायला लागल्या. वीज गेली. तेजस्वी आईला चिकटून बसली. आणि मग जयदेवनं वरून तो आवाज ऐकला. पत्रा सैल झाला की कसा वाजतो हे त्याला सांगायला नको. आधी खडखड, मग थडथड, आणि त्यानंतर जर तो उचलला गेला तर एक लांब, कण्हल्यासारखा आवाज. तो आवाज त्यानं आजवर कधी ऐकला नव्हता, पण ऐकल्याबरोबर ओळखला.

कीर्तीनं दंड धरला होता. तिचा हात झटकून जयदेव जिना चढला आणि गच्चीचं दार ढकललं. दार उघडेना, वारा पलीकडून रेटत होता. खांदा लावून उघडलं तेव्हा समोरची कडेची रांग, ती बाहेर काढलेली दोन हातांची रांग, हलत होती. वारा खालून भिंतीला घासत वर येत होता आणि बाहेर काढलेल्या पत्र्यांना पोटाखालून उचलत होता. जयदेवच्या डोळ्यांदेखत हूक सरळ झाले. लोखंडाचे हूक, त्यानं स्वतः वाकवलेले. एक पत्रा उभा राहिला, क्षणभर तसाच थरथरला, आणि गेला. कठड्यावरून, नदीच्या दिशेनं. पतंग गोता खातो तसा एकदा फिरला आणि दिसेनासा झाला.

बाकीचे तेवढ्यात वाकले, पण अँगलला अडकून राहिले. एकच सुटला. जयदेव कठड्याशी जाऊ शकला नाही. तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला आणि मोठ्यानं म्हणाला, नदीत पडू दे. नास्तिक माणूस, कधी देवाला उदबत्ती लावली नाही. पण त्या दिवशी गावाकडच्या सगळ्या देवांची नावं घेतली. नदीत पडू दे, बाबा, नदीत पडू दे.

लिफ्ट बंद. बावीस मजले तो उतरला, कसा ते त्यालाही सांगता येणार नाही. वारा जसा आला तसा गेला होता, आता नुसती भुरभुर होती. गेटमधून बाहेर पडून भिंतीला वळसा घातला, तर खोल्यांपुढं माणसं जमली होती. निळा पत्रा त्याला लांबूनच दिसला.

गोदूच्या स्वतःच्या छपराचे पत्रे वाजायला लागले होते. त्यावर दगड ठेवायला ती बाहेर आली होती. दगड हातातच होता. याहून जास्त काय सांगायचं? सोमा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि कुणाला हात लावू देत नव्हता. दवाखान्यात नेलं, ते न्यायचं म्हणून.

जयदेव गर्दीत मागं उभा राहिला. तेवढ्यात हवालदार आला. पंचनामा सुरू झाला, हा पत्रा कुठून आला असं त्यानं विचारलं. लोकांनी आजूबाजूला बघितलं. जिकडं बघावं तिकडं निळे पत्रे. पलीकडच्या चार मजली इमारतींवर निळे, शाळेवर निळे, दुकानांवर निळे. गर्दीत कुणीतरी म्हणालं, हे पत्र्याचंच काम करतात, यांना विचारा. हवालदार जयदेवकडं वळला. वैतागलेला, भिजलेला माणूस. त्याला अजून तीन ठिकाणी जायचं होतं.

"काय हो, ओळखता का? कुठल्या बिल्डिंगचा?"

जयदेवनं पत्र्याकडं बघितलं. कडेला त्यानंच मारलेली भोकं होती. त्याच्या तोंडून शब्द गेले.

"सांगता येत नाही साहेब. सगळे सारखेच असतात."

हवालदारानं मान हलवली आणि पुढचं लिहिलं. पत्रा भिंतीला टेकवून ठेवा, माणूस पाठवतो, असं सांगून तो गेला. माणूस कधी आलाच नाही.

त्या वाक्यावर जयदेवचं आयुष्य अडकलं. खोटं बोलणारी माणसं जगात कमी नाहीत, आणि त्यातली बरीचशी जेवतात, झोपतात, पोरांची लग्नं लावतात. जयदेवला ते जमेना. घास तोंडात फिरायचा. कीर्तीला त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. सकाळी तिनं सवयीनं दोन कप चहा ठेवला, आणि दुसरा कप हातात घेऊन जिन्यात उभी राहिली. मग ओतून दिला.

सोसायटीची मीटिंग झाली. राजूदादा गंभीर होता. तो म्हणाला, झालं ते फार वाईट झालं, आपण सगळे मिळून त्या घराला मदत करू. पण एक गोष्ट लक्षात घ्या. वादळ अख्ख्या तालुक्यात होतं. नैसर्गिक आपत्ती. पत्रा कुठला हे कुणीच सांगू शकत नाही, खुद्द जयदेवनं हवालदाराला तसं सांगितलंय, आणि त्याच्याएवढं यातलं कुणाला कळतं? मीच सोमाला तलाठ्याकडं नेऊन आणलं, सरकारी मदतीचा अर्ज भरून घेतला. उगाच कुणी पत्रा आमचा, आमचा करायला गेलं तर केस होईल, अर्ज अडकेल, त्या पोरीचं शिक्षण अडकेल. बोला, कुणाचं भलं होणार आहे? मग त्यानं आवाज उतरवून विचारलं की पावसाला आता वेळ नाही, वाकलेली रांग जयदेव कधी नीट करून देईल. यावेळी डबल हूक मारू या, असंही एकजण म्हणाला.

जयदेव उठून घरी आला आणि गॅलरीत उभा राहिला. तिथून अख्खं बदलापूर दिसायचं. आजवर तो पाहुण्यांना हौसेनं दाखवायचा, ती बघा शेड, ती बघा, ती पण. आता त्याला त्या प्रत्येक निळ्या तुकड्याखाली चालणारी माणसं दिसायला लागली. शाळेतून सुटलेली पोरं, भाजीवाल्या, म्हातारे. सगळ्यांच्या डोक्यावर त्यानं काहीतरी टांगून ठेवलं होतं, आणि पुढचं वादळ कुठल्या वर्षी येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो एकेका सोसायटीत गेला. हात जोडून सांगत सुटला की बाहेर काढलेले पत्रे कापून घ्या, मी कापून देतो, काही घेणार नाही. एका सेक्रेटरीनं त्याला पाणी पाजलं. दुसऱ्यानं विचारलं, गळती मग तू प्यायला येणार का? तिसरीकडं बायकांनी ओरडून सांगितलं की वाळवण पडलंय, मधे पाय घालू नका. एका ठिकाणी तर त्याचं बोलणं संपायच्या आत त्यांनी नव्या टॉवरच्या शेडचं विचारलं. तिथंही गळायला लागलं होतं. कॅम्प चारला गेला तर हासानंद शेठनं शिवी दिली नाही. स्टूल पुढं केलं आणि स्वतः आत निघून गेला. जयदेव शिवीची वाट बघत बराच वेळ बसला, मग उठला.

शेवटी त्यानं ठरवलं की सोमाला सांगायचं. पोलिसांत नाही, मीटिंगमध्ये नाही. ज्याची बायको गेली त्याला. त्यानं मारावं, शिव्या द्याव्यात, पोलिसांत न्यावं. काहीही करावं. पण कुणीतरी एकानं तरी म्हणावं की हे तू केलंस.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी गोदूचं जलदान आणि पुण्यानुमोदन होतं, म्हणजे बौद्ध रीतीनं दिवसांचं कार्य. खोलीपुढची जागा झाडून घेतली होती, सतरंज्या आणून ठेवल्या होत्या. आत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं गोदूचा फोटो, तोही कुठल्या तरी लग्नातला, मागं कुणाचा तरी हात आलेला. जिज्ञासा भिंतीशी वही घेऊन बसली होती. तिची परीक्षा होती. घराचं अर्धं छप्पर उघडं होतं. वादळानं तेही नेलं होतं, आणि वर ताडपत्री टाकून चारी बाजूंनी विटा ठेवल्या होत्या.

सोमा बाहेर दगडावर बसला होता. जयदेवनं जयभीम घातला, सोमानं घेतला आणि सरकून जागा दिली. जिज्ञासानं पाण्याचा तांब्या आणून दिला. जयदेवनं तो तसाच बाजूला ठेवला. ती आत जाईपर्यंत जयदेव थांबला, आणि मग जमिनीकडं बघत बोलला.

"सोमादादा, तो पत्रा आमच्या गच्चीवरचा आहे. मी लावलेला. मी जाताना बघितला आणि हवालदाराला खोटं सांगितलं."

आत पंखा नव्हता, पोरीच्या वहीची पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता.

"ठाऊक हाय मला," सोमा म्हणाला. "मी दारातच उभा होतो. वरून येताना बघितला. तिला हाक मारायला तोंड उघडलं, तवर झालं."

जयदेवच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग बोलला का नाहीस, तेव्हा का बोलला नाहीस, असं तो विचारत राहिला; मार मला, चल पोलिसांत, आत्ता चल, असं म्हणत त्यानं सोमाचा हात धरला. सोमानं हात सोडवून घेतला. रागानं नाही. रागाला जी ताकद लागते ती त्या माणसात उरली नव्हती.

"बोलून काय करू, भाऊ? वाऱ्यानं मारली तर सरकार काहीतरी देतं. माणसानं मारली तर तारखा देतं. पोरीचं एक वरीस ऱ्हायलंय. मी अंगठा लावून आलोय, वाऱ्यानं मारली म्हणून. आता तू मधे येऊ नको."

झालं. जयदेव ज्यासाठी आला होता ते त्याला मिळालं नाही, आणि आता ते कुठं मागावं हेही उरलं नाही. गोदू वाऱ्याच्या नावावर गेली होती, कागदावर तसं लागलं होतं, आणि खरं बोलायचा हक्कसुद्धा त्याच्या हातून गेला होता. खरं बोलला तर त्या पोरीच्या ताटातलं काढून घेणार. नाही बोलला तर मरेपर्यंत गिळत बसणार.

सोमा उठला. भिंतीला टेकवलेला तो निळा पत्रा त्यानं दोन्ही हातांनी उचलून पुढं आणला. एका कोपऱ्याला दुमडला होता, तो त्यानं दगडावर ठोकून सपाट केलेला दिसत होता. धुतलाही होता.

"उद्या मानसं येनार. पावसाचं काय खरं नाय. बाकी पत्रे जुने, त्यांना भोकंच भोकं. ह्यो चांगला हाय, नवा हाय." तो छपराच्या उघड्या भागाकडं बघून म्हणाला, "तू आलाच हायस तर लावून दे."

जयदेव त्या पत्र्याकडं बघत राहिला. मी दुसरा आणून देतो, नवे आणून देतो, सगळं छप्पर नवं घालून देतो, असं तो म्हणाला. सोमानं मान हलवली. कुनी बघंल नवे पत्रे, मग विचारंल कुनी दिले, कशापायी दिले. हाच बरा. हा इथंच पडलेला सगळ्यांनी बघितलाय.

आतून जिज्ञासानं वही मिटली आणि स्टूल बाहेर आणून ठेवलं. शेजाऱ्याकडून शिडी आली, हूक जयदेवच्या स्कूटरच्या डिकीत होतेच. तो वर चढला. सोमानं खालून पत्रा दिला आणि त्यानं तो घेतला. भोकं तीच होती, नवी पाडायला लागली नाहीत. त्यानं हूक घातला, नट आवळला. पुन्हा आवळला. पान्हा सटकला, बोटातून रक्त आलं, ते पत्र्यावर पडलं, आणि त्यानं ते शर्टाच्या बाहीनं पुसून घेतलं.

सोमा शिडी धरून उभा होता.

"घट्ट बसव," तो म्हणाला. "खाली पोरगी झोपते."